राइस मिलच्या शेडमधला आरा

पाहुण्यारावळ्यांत कोणी विचारलं की बाई, तुम्ही कामाला कुठे होत्या, तर मी सांगते, "आऱ्यावर." ऐकणारा आधी माझ्या बोटांकडे पाहतो. बोटं सगळी जागच्या जागी दिसली की त्याला वाटतं, बुढी फेकून राहिली. मग मला पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि खरं सांगू का, ते सांगायला मला फार आवडतं.

आमच्या आऱ्यावर लाकूड कापत नसत. शेतातल्या मोटारपंपाजवळ लोखंडी डबा असतो ना, त्यात 'ऑटो' बसवतात. लाइन गेली की मोटार बंद, लाइन आली की आपोआप चालू. गोंदिया आमच्या जिल्ह्यातून वेगळं होऊन काही वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. लोडशेडिंग असं की लाइन कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून ऑटोला मागणी फार. त्या ऑटोच्या पोटात हिरवी, पातळ पाटी असते. तिच्यावर तांब्याच्या रेघा, आणि रेघांवर बारीकसारीक सामान सोल्डर करून बसवलेलं. तिला म्हणायचं बोर्ड. हे बोर्ड एकेक करून बनवत नाहीत. एका मोठ्या शीटवर पुष्कळ बोर्ड एकदम छापतात आणि मग शीट कापून सुटे करतात. छापणं नागपूरला व्हायचं. कापणं, सामान लावणं, तपासणं आमच्याकडे, आंधळगावात, एका बंद पडलेल्या राइस मिलच्या शेडमध्ये. आता बोर्ड कापलेलेच येतात, कुठून येतात कोण जाणे, आणि आमचा शेड रिकामा पडला आहे. तिकडून जाताना मी मान वळवते, पाहवत नाही.

शीट दिसायला पुठ्ठ्यासारखी, पण असते काचेच्या धाग्यांची, चिकात भिजवून दाबलेली. साध्या पोलादाचे दात तिच्यावर टिकत नाहीत, बघता बघता बोथट होतात. म्हणून आमच्या गोल ब्लेडला कार्बाइडचे दात होते. लोखंडी टेबल, टेबलाच्या फटीतून वर आलेलं ब्लेड, बाजूला सरळ रेषेसाठी पट्टी, म्हणजे गाइड. शीट गाइडला टेकवायची आणि पुढे ढकलायची. ऐकायला सोपं वाटतं ना? शीट पातळ असते. जरा तिरकी झाली की ब्लेडचे मागचे दात तिला पकडतात आणि उचलून सरळ तुमच्या अंगावर फेकतात. त्यासाठी आमचे नियम होते. ब्लेड शीटच्या वर नावापुरतंच दिसलं पाहिजे. ब्लेडच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. हातमोजे घालायचे नाहीत. नव्या माणसाला हे उलटं वाटतं, पण मोज्याचा एक धागा दातात गेला तर मागोमाग हात जातो. बांगड्या काढून दाराजवळच्या खिळ्याला लटकवायच्या, पदर खोचायचा, केस बांधायचे. आणि शीट बोटांनी ढकलायची नाही, लाकडी पट्टीनं ढकलायची.

हे नियम बसवले दसाराम मिस्त्रीनं. मिस्त्री एकोडीचा, जातीचा सुतार, तोंडात कायम सुपारी आणि बोलण्यात कायम चिडचिड. पण हात असे की पाहत राहावं. टेबलातली फट जास्त रुंद आहे, त्यात बारीक तुकडे अडकतात, असं मी म्हटलं तर त्यानं टेबलावर नवं प्लायवूड घट्ट आवळलं, ब्लेड खाली घेतलं, मशीन चालू केली आणि चालू ब्लेड हळूहळू वर आणलं. ब्लेडनं स्वतःच्या जाडीएवढीच फट स्वतः पाडली. मी म्हटलं, "वा गा मिस्त्री!" तर म्हणतो, "वा काय वा? चहा सांग." दसऱ्याला तो मशीनला हार घालायचा. आम्ही दोघी त्या दिवशी दीक्षाभूमीला जायचो. दुसऱ्या दिवशी आमच्या वाटचा पेढा टेबलावर झाकून ठेवलेला असायचा.

आम्ही दोघी म्हणजे मी आणि कुंदा. मी शेडची देखरेख करायचे आणि आऱ्यावर कुंदा. माहेर कोंढ्याचं, सासर आंधळगावचं, वय लहान, जीभ धारदार. आमच्याकडे यायच्या आधी ती धानाच्या रोवणीला, कापणीला मजुरीनं जायची. सोल्डरिंगला बसवली तर तिचं मन लागेना. एकदा मिस्त्रीचा माणूस आला नाही म्हणून तिनं शीट हातात घेतली, आणि पहिलीच रेघ अशी सरळ काढली की मिस्त्री सुपारी चघळायचा थांबला. त्या दिवसापासून आरा तिचा झाला. गावात मोटारीच्या मशीनवर काम करणारी ती एकटीच बाई. रस्त्यानं जाताना पोट्टे म्हणायचे, "ते पाह्य, आरावाली." ती मान ताठ करून जायची. मला तिचं फार कौतुक होतं, आजही आहे.

गिऱ्हाईकही ती सांभाळायची. कोंढ्याचे एक मामा ऑटो घेऊन आले.

"बाई, तुमचं ऑटो झोपलं."

कुंदानं डबा उघडला. बोर्डाचा एक कोपरा गायब.

"मामा, याचा कोपरा कुठं गेला?"

"डब्यात मावत नव्हता. मंग घरीच आरीच्या पात्यानं कापला थोडासा. कोपऱ्यात काय होतं? रिकामाच तं होता."

"रिकामा काहून? तिथून लाइन जाते. तुमच्या बांधाचा कोपरा मी कापून नेला अन् म्हटलं रिकामाच तं होता, तं चालन काय तुमाले?"

मामा म्हणाले, "तू कोंढ्याची पोरगी होय ना? तरीच." मग हळूच विचारलं, "हे कापलं तवापासून हात खाजून राहिले वं माझे. काहून?"

"काचेची धूळ हाय ते. धानाची कूस समजा. तेल चोळा."

आता ही तेलाची गोष्ट नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. आमच्याकडे धान चुरताना, म्हणजे मळणीला, धानाची कूस, ते बारीक कुसळ, अंगाला टोचते आणि आग आग होते. म्हणून खळ्यावर जायच्या आधी बायामाणसं हातापायाला तेल लावतात. आईनं लावलं, आजीनं लावलं, आम्ही लावलं. काचेच्या धुळीनं तशीच खाज सुटली, तर आमच्या सगळ्यांच्या डोक्यात तेलच आलं. शेडच्या खिडकीत तेलाची बाटली असायची, आणि कोणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. नाकाला मात्र नुसता रुमाल चालत नाही, हे साहेबांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं आणि गाळणीचे मास्क आणून दिले होते.

साहेब म्हणजे आमचे मालक. नागपूरचे इंजिनियर. उंच, बारीक, फोनवर बोलताना येरझारा घालणारे. जरा खुट्ट झालं की दचकायचे. आम्ही मागे त्यांना हसायचो.

दिवाळी होऊन गेली होती, गावात धान चुरणं चालू होतं. कुंदा सकाळी घरच्या खळ्यावर काम करून तशीच शेडला आली. हात कोपरापर्यंत तेलानं चकचकीत. आल्यावर तिनं बाटलीतून आणखी थोडं घेतलं, कारण त्या दिवशी शीटचा ढीग मोठा होता. बांगड्या काढल्या, मास्क लावला, चष्मा लावला, सगळं नेमानं. मी दुसऱ्या टोकाला बोर्ड तपासत होते. एकाएकी फाडकन आवाज झाला, आणि मागच्या भिंतीजवळच्या, मिलच्या जुन्या लोखंडी ड्रमवर काहीतरी आदळलं.

ढकलायची पट्टी तिच्या तेलकट हातातून सटकली होती. शीट तिरकी झाली, ब्लेडनं उचलली आणि फेकली. कुंदा नियमाप्रमाणे बाजूला उभी होती म्हणून छातीवर आली नाही, मनगटाच्या वर चाटून गेली. रक्त पाहून मी धावले. ती मात्र आपला हात धरून विचारते, "ताई, शीट फुटली काय वं?"

"शीट गेली खड्ड्यात! बोटं दाखव आधी!"

बोटं शाबूत होती. दवाखान्यात टाके पडले. तिथल्या नर्सबाईनं तेलाचा हात पाहिला आणि आमची चांगली खरडपट्टी काढली. काचेच्या धुळीवर तेल चोळलं की ती धूळ आणखी आत रुतते म्हणे. चोळायचं नाही, खाजवायचं नाही, आधी थंड पाण्याची धार सोडायची, मग साबण. आम्ही दोघी खाली माना घालून ऐकत होतो.

परत आलो तर शेडमध्ये शुकशुकाट. साहेब नागपूरहून येऊन पोचले होते. त्यांनी आऱ्याचा मेन स्विच पाडून त्याला कुलूप घातलं होतं आणि किल्ली खिशात टाकली होती. चेहरा पांढरा पडला होता.

"विमलताई, हा आरा आता बंद. कापणंही नागपूरला देतो. तिथं मोठ्या मशिनी आहेत."

"अन् कुंदा?"

"सोल्डरिंगला बसेल."

"ते नाही बसत सोल्डरिंगले, तुम्हालेही मालूम आहे."

"मग काय करू? तिचा हात गेला असता तर मी तिच्या घरी काय तोंड दाखवलं असतं?"

मला राग आला. एवढ्याशा कारणानं माणसाचं काम काढून घ्यायचं? मी चढ्या आवाजात बोलले, पुरुषाच्या हाताला तेल लागलं असतं तरी हेच झालं असतं, असंही बोलले. किल्ली काही खिशातून बाहेर आली नाही.

कुंदाच्या घरीही तेच. तिची सासू सखूबाई गावात कडक बाई म्हणून ओळखली जायची. तिनं सुनेला सांगून टाकलं, "पुरे झालं आता मशीन. रोवणीले जाजो पहिल्यासारखी." कुंदा माझ्याकडे येऊन बसली. एरवी रडणारी पोरगी नव्हे ती.

"ताई, मी रोवणीले नाई जाणार. चिखलात उभी राहाची लाज नाई मले. पण आऱ्यावर मी रेघ मारली का ते माझी रेघ असते. दुसऱ्या कोणाले तशी मारता येत नाई. हे सोडून मी कायले जाऊ?"

मी तिला घेऊन मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री आधी आमच्यावरच खेकसला, "तेल लावून आऱ्यावर? उद्या लोणी लावून या!" मग सुपारी कातरत म्हणाला, "हात सटकला तरी ब्लेडपर्यंत पोचलाच नाई पायजे. असं कायतरी करावं लागन."

त्यानं पाट बनवला. टेबलाच्या खाचांतून मागेपुढे सरकणारा प्लायवूडचा सपाट पाट. शीट पाटावर ठेवायची आणि पाटच ढकलायचा, शीटला हात लावायचाच नाही. पाटाच्या मागे उंच लाकडी भिंत, आणि भिंतीच्या दोन टोकांना दोन मुठी, ब्लेडपासून चांगल्या लांब. कापून झाल्यावर ब्लेड जिथे भिंतीतून बाहेर येतं, तिथे मागे जाड ठोकळा, म्हणजे ब्लेड ठोकळ्यातच राहतं, अंगठ्याकडे येत नाही. पण शीट वर उचलली गेली तर? इथे मिस्त्री अडला. तेव्हा कुंदा म्हणाली, "पेंडी बांधताना आपण गुडघ्यानं दाबून धरतो का नाई? तसं वरतून झाकण दाबा." मग वरून बिजागरीचं झाकण आलं. शीट खाली पाट, वर झाकण, मधे गच्च दाबलेली. मिस्त्रीनं झाकण लावलं, दाबून पाहिलं आणि तिला म्हणाला, "तू सुताराच्या घरी जन्माले याची होती." मिस्त्रीच्या तोंडून एवढं कौतुक मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "झाकण आहे, ठीक. पण धूळ? हात वाचला आणि छाती गेली तर काय उपयोग?" चार दिवस त्यांचा पत्ता नाही. मला वाटलं, टाळून राहिले. पाचव्या दिवशी जीपमधून उतरले ते मोठा व्हॅक्यूम घेऊन. स्वतः गुडघ्यावर बसून त्यांनी ब्लेडखाली नळी बसवली, म्हणजे धूळ उडायच्या आत ओढली जाते. शेडमध्ये झाडू बंद, ओलं फडकं फिरवायचं, हा नियमही त्यांनीच केला. खिडकीतली तेलाची बाटली उचलून त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घरी न्या, भाजीत घाला." एवढं सगळं केलं, पण किल्ली देताना पुन्हा अडले. "तिच्या घरच्यांनी डोळ्यानं पाहिलं पाहिजे. त्यांनी हो म्हटलं तरच."

म्हणजे सखूबाईनं हो म्हटलं तर. कुंदाला रात्रभर झोप लागली नसणार.

दुसऱ्या दिवशी सखूबाई आली. नववारी, कपाळ मोकळं, हातात काठी. मी 'जय भीम' केला, तिनं केला आणि दारातच थबकली. छताकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मागच्या जुन्या लोखंडी ड्रमकडे बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं, म्हातारी घाबरली. मी स्टूल दिला, बसली नाही.

साहेबांनी कुलूप काढलं, मेन वर केला. कुंदानं बांगड्या खिळ्याला लटकवल्या, चष्मा, मास्क. शीट पाटावर, झाकण खाली, दोन्ही हात मुठींवर. आरा गुणगुणला, पाट सरकला आणि बोर्ड सुटा झाला. धूळ दिसलीच नाही. रेघ तर काय सांगू! मग मिस्त्री म्हणाला, "आता सटकून दाखव." कुंदानं झटका देऊन मुद्दाम हात सोडले. पाट जागच्या जागी थांबला. हात मुठीवरून घसरून खाली आले, तरी ब्लेडपासून लांबच राहिले. तिनं पुन्हा केलं, सासूकडे पाहत केलं. साहेबांनी घाम पुसला, मेन पाडला, पुन्हा कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरून सखूबाईसमोर उभे राहिले. शाळेतल्या पोरासारखे उभे होते बिचारे.

"आजी, तुमचं काय म्हणणं?"

कुंदा पदराचं टोक पिळत होती. मीच मधे तोंड घातलं, "मावशी, पाहिलं ना तुम्ही? आता हाताले काही होत नाही. मशीन चांगली आहे."

"मी मशीन पाहाले आलीच नाई," सखूबाई म्हणाली.

तिनं काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे केला. करंगळीजवळचं बोट नव्हतं. ते नाही हे गावात सगळ्यांना माहीत होतं. आम्हाला वाटायचं, कापणीला विळ्यानं गेलं असेल. कोणी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही.

"याच शेडात गेलं. मिल चालू होती तवा. त्या ड्रमवर पट्टा होता, त्यात गेलं. मले बाजूले बसवलं, फडकं बांधलं, अन् माझ्या जागी दुसरी बाई उभी केली. मशीन कोणी बंद नाई केली. मी तिथं बसून पाहून राहिली, पट्टा फिरूनच राहिला, फिरूनच राहिला."

कुंदाला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका चुलीवर राहून ठाऊक नव्हतं. तिनं सासूचा तो हात आपल्या हातात धरला.

"ही पोरगी घरी आली, हाताले टाके," सखूबाई पुढे म्हणाली, "अन् म्हणते, साहेबानं मशीनच बंद केली, लय वाईट हाय साहेब. ही विमलबाई बी तेच सांगे. मंग मी म्हटलं, बाईच्या हातासाठी मशीन बंद करणारा माणूस कसा असते, ते तं पाहू. त्याले पाहाले आली मी."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही. मिस्त्री सुपारी थुंकायला म्हणून बाहेर गेला तो आतच येईना.

"चालू कर वं, कुंदे," सखूबाई म्हणाली.

साहेब वळले. किल्ली कुलपात घालायला गेले, ती काही त्यांच्याकडून जाईना. तेव्हा कुंदानंच ती त्यांच्या हातातून घेतली, कुलूप काढलं आणि मेन वर केला.